दोन दारांचा तंबू

सुभेदारांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझ्या तोंडावर दार सोडलं तेव्हा. ॲन आर्बरच्या लायब्ररीचं जड काचेचं दार, माझ्या दोन्ही हातांत पुस्तकं, पाठीवर नोव्हेंबरचा बोचरा वारा आणि पुढे लोकरी कानटोपी घातलेले एक ताठ म्हातारे गृहस्थ. त्यांनी दार ढकललं, आत गेले आणि हात काढून घेतला. माझं कपाळ वाचलं ते केवळ पुस्तकांमुळे. अमेरिकेत येऊन मला तेव्हा दोन वर्षं झाली होती. इथे मागचा माणूस वीस पावलं लांब असला तरी पुढचा दार धरून उभा राहतो आणि मग मागच्याला उगीचच धावत यावं लागतं, हे माझ्या अंगवळणी पडलं होतं. साहजिकच मी फणकाऱ्याने म्हणाले, "काय माणूस आहे हा!" म्हातारे गर्रकन वळले. मराठी ऐकून त्यांचा चेहरा उजळला होता. "लागलं न्हाई ना पोरी?" त्यांनी विचारलं. माफी मात्र मागितली नाही.

ते विलासकाकांचे वडील निघाले. विलासकाका आणि स्मिताकाकू म्हणजे आम्हा विद्यार्थ्यांचं हक्काचं घर. दर शनिवारी दोन-तीन जण तरी त्यांच्याकडे वरणभाताला टपकायचे. काकांचे वडील, म्हणजे आबा, साताऱ्याकडचे. सैन्यात साधे शिपाई म्हणून लागले आणि सुभेदार होऊन निवृत्त झाले. बायको गेल्यावर मुलाने आग्रह करून सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं होतं. आम्ही त्यांना तोंडावर आबा म्हणायचो आणि पाठीमागे सुभेदार. त्यांना दोन्ही माहीत होतं.

दाराचा प्रकार माझ्यापुरता नव्हता, हे मला लवकरच कळलं. सुभेदार कुणासाठीही दार धरत नसत, आणि कुणी त्यांच्यासाठी धरलं तर त्यातून जात नसत. बँकेत, पोस्टात, देवळात एखादी हसरी गोरी बाई दार धरून उभी राहायची. हे दोन पावलं अलीकडे थांबायचे, हात वर करून "प्लीज, प्लीज" म्हणायचे. तिला वाटायचं, म्हातारा आपल्यालाच आधी जा म्हणतोय. ती म्हणायची, "नो, नो, आफ्टर यू." असं बराच वेळ चालायचं. शेवटी ती कंटाळून निघून गेली, दार मिटलं, की सुभेदार पुढे होऊन स्वतःच्या हाताने ते उघडायचे आणि आत जायचे. स्मिताकाकू लाजेने अर्ध्या व्हायच्या. त्यांची चौदा वर्षांची ईशा म्हणायची, "आबा, दॅट वॉज सो रूड!" आबा तिच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "असू दे ग. ज्याचं दार त्यानं उघडावं."

विलासकाका-स्मिताकाकू शनिवारी सकाळी ईशाला पोहायला घेऊन जायचे. आबांना घरी एकटं बसवायचं नाही म्हणून त्यांना बसने मॉलमध्ये फिरायला नेण्याचं काम मी अंगावर घेतलं. लॅबमध्ये माझे प्रयोग तेव्हा एकामागून एक फसत होते, त्यामुळे कुठेही जायला मी एका पायावर तयार असायचे. मॉलची दारं आपोआप सरकणारी होती. पहिल्यांदा ती उघडली तेव्हा आबा थबकले. एक पाऊल मागे गेले, दार मिटलं. पुढे आले, उघडलं. पुन्हा मागे. मला वाटलं, खेड्यातल्या म्हाताऱ्याला गंमत वाटत असेल. ते म्हणाले, "हे बरं हाय. हे कुणाची बाजू घेत न्हाई."

दुकानं उघडायच्या आधीचा मॉल तुम्ही पाहिला नसेल तर सांगते, ती एक वेगळीच दुनिया असते. अर्धे दिवे लागलेले, दुकानांच्या जाळ्या खाली ओढलेल्या, छतातून कुठूनतरी मंद संगीत, मधल्या कारंज्याचं पाणी एकटंच पडतंय. आणि त्या उजेड-अंधारात गावातली सगळी म्हातारी माणसं पांढरे बूट घालून गोल गोल चालत असतात. कुणी बोलत नाही. काचेच्या छतावर बर्फ साठलेला असायचा, त्यामुळे वरून येणारा उजेडही दुधासारखा पांढरा व्हायचा. आबांच्या शेजारून चालताना मला कित्येकदा वाटायचं, आपण अजून जागे झालेलोच नाही, आणि ही सगळी माणसं आपल्यासारखीच एका मोठ्या स्वप्नात फेऱ्या मारताहेत.

आबांची दुसरी खोड म्हणजे गाठी. बुटांची नाडी ते दोनदा बांधायचे, मग वाकून ओढून बघायचे. माझ्या मफलरची गाठ त्यांना कधी पसंत पडली नाही. "ही वाऱ्यानं सुटंल," म्हणायचे आणि भर रस्त्यात मला थांबवून नव्याने बांधून द्यायचे. विलासकाकांच्या गाडीच्या टपावर एकदा सोफा बांधायचा होता. आबांनी तो असा बांधला, की घरी आल्यावर दोऱ्या कापायला सुरी आणावी लागली. "आबा, एवढं कशाला?" विलासकाका वैतागून म्हणाले. आबा सुटलेले तुकडे गोळा करत म्हणाले, "एकदा ढिली बांधली होती."

त्याच हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळात उभी फूट पडली. निमित्त होतं संक्रांतीला नाटक करायचं की गाण्यांचा कार्यक्रम. बघता बघता दोन गट झाले, आणि मग कोणतं कुटुंब कुठल्या गटाचं याच्या याद्या सुरू झाल्या. वडीलधारे म्हणून मिटवायला आबांना बोलावलं. ते गेले, आणि तासभर नुसती टेबलं हलवत बसले. लांबट टेबल नको, त्याला टोक असतं. टोकाला बसणारा मोठा होतो. गोल टेबल आणवलं. खुर्च्या मोजून सारख्या अंतरावर ठेवल्या. मग म्हणाले, "नाटक का गाणं, ते तुम्ही पाच मिनिटांत ठरवाल. अवघड ते न्हाई. ही जी घरं तुम्ही वाटून घेतलीत, त्यांना एकेकट्याला विचारलंत का, तुम्ही कुणाचे म्हणून?" दोन्ही बाजूंनी याद्या खाली ठेवल्या. कारण तसं विचारलं असतं तर निम्म्या घरांनी सांगितलं असतं, आम्हाला नुसता तिळगूळ हवाय. कुणीतरी म्हणालं, "आबा, मग तुम्हीच निर्णय द्या." आबा उठले. "माझं काम तंबू लावायचं," म्हणाले आणि कोट घालून घरी आले. त्यांच्या या बोलण्याचा अर्थ त्या दिवशी मला कळला नाही.

तो कळला किम आजोबांमुळे. मॉलमध्ये सगळे म्हातारे एका दिशेने फिरायचे, किम आजोबा तेवढे उलट्या. त्यामुळे प्रत्येक फेरीत एकदा ते आम्हाला समोरून भेटायचे. बुटके, गोल चष्मा, डोक्यावर बेसबॉलची टोपी. ते मान लववायचे, आबा हात जोडायचे. असं महिनाभर चाललं. एक दिवस कारंज्यापाशी दोघेही एकदमच दमून बसले. आबांनी मला विचारायला लावलं, कुठले म्हणून. किम आजोबांनी बोट छातीवर टेकवलं. "कोरिया," ते म्हणाले. मग बोट वर नेऊन म्हणाले, "नॉर्थ. बिफोर."

 आबांनी वाकून बुटाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. त्या दिवशी आम्ही दोन बस सोडल्या. मॉलच्या आतल्या बाकावर बसून, काचेबाहेर पडणारा बर्फ बघत, आबांनी मला जे सांगितलं ते त्यांनी आपल्या मुलालाही सांगितलेलं नव्हतं.

"बाविसाचा होतो मी," ते म्हणाले. "कोरियातली लढाई थांबवायच्या वाटाघाटी दोन वर्षं चालल्या होत्या. आता तुला वाटंल, जमिनीवरून अडलं असंल. न्हाई. नकाशावरची रेघ त्यातल्या त्यात लवकर ठरली. अडलं ते कैद्यांवर. एक बाजू म्हणे, आमची सगळी माणसं परत द्या. दुसरी म्हणे, ज्याला जायचं न्हाई त्याला कसं ढकलायचं? रेघ ठरली, माणसं कुणाची ते ठरंना. तेवढ्यापायी आणखी वर्षभर लोक मरत होते. शेवटी ठरलं, जे न्हाई म्हणतात त्यांना तिसऱ्याच्या हवाली करा. तिसरे म्हंजे आम्ही."

भारतातून फौज गेली ती लढायला नाही, राखायला. तिकडच्या एका सरकारने सांगितलं, आमच्या जमिनीला यांचे पाय लागू देणार नाही. मग यांना बोटीवरून हेलिकॉप्टरने उचललं आणि दोन सैन्यांच्या मधल्या ओसाड पट्ट्यात नेऊन ठेवलं. "कुणाचेच न्हाई, म्हणून कुणालाच नको," आबा हसले. तिथे तारांच्या कुंपणात हजारो कैदी होते. एकेकाला तंबूत आणायचं. त्याच्या मूळ बाजूचा अधिकारी त्याला समजावणार, घरी चल म्हणून. पाच देशांची माणसं साक्षीला बसणार. आणि मग कैद्याने स्वतःच्या पायांनी बाहेर पडायचं. तंबूला त्यासाठी दोन दारं. एक घरी जायचं. दुसऱ्यातून गेला की घर सुटलं.

"अन् मी तंबूवाला. तंबू लावायचा, टेबल मांडायचं, दारांच्या कनाती बांधायच्या, मग दारापाशी हात खाली सोडून उभं राहायचं. नजर समोर. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं न्हाई. असा हुकूमच होता."

बहुतेक कैदी आरडाओरडा करत यायचे, खुर्च्या फेकायचे, कुणाचं ऐकायच्या आत दुसऱ्या दाराकडे धाव घ्यायचे. एक जण मात्र शांत बसला. आबांच्याच वयाचा. अधिकारी बोलत राहिला, आई वाट बघतेय, शेत पडून आहे. हा ऐकत राहिला. मग त्याला सांगितलं, आता जा. तो उठला आणि तंबूच्या मधोमध उभा राहिला. या दाराकडे बघायचा, त्या दाराकडे बघायचा. कुणी घाई करू शकत नव्हतं. बाहेर वारा सुटला होता. आबा ज्या दाराशी उभे होते त्याची कनात सुटून फडफडायला लागली. सकाळी बोटं बधिर होती, गाठ ढिली बसली होती. जाड, गोठलेलं कापड ते. सपकन येऊन आपटत होतं.

"म्या ते उचलून धरलं," आबा म्हणाले. त्यांचा हात बाकावरून वर आला होता आणि तसाच हवेत राहिला. "बस्स. दुसरं काही न्हाई. लागू नये कुणाला. पाहुणा दारात आला की आपण पडदा धरतो का न्हाई, तसं. त्यानं माझ्याकडं बघितलं. चांगलं, डोळ्यांत बघितलं. मान लववली अन् माझ्या हाताखालून गेला."

"कुठलं दार होतं, आबा?"

"दुसरं."

पाच देशांची माणसं वहीत लिहीत होती, कुणाच्या लक्षातही आलं नाही. आबांना कुणी बोल लावला नाही. कागदावर सगळं रीतसर झालं. आणि त्या दिवसापासून पन्नास वर्षं आबांनी कुणासाठी दार धरलं नव्हतं. मी त्यांची समजूत घालायला निघाले, की तो माणूस जाणारच असेल त्याच बाजूला, तुमचा काय संबंध. माझं तेव्हाचं वयच असं होतं, समोरच्याचं दुःख मला लगेच सोडवून टाकायचं असायचं. आबांनी मान हलवली. "तू न्हाई सांगायचंस. मी न्हाई ठरवायचं. तिकडचं कुणीतरी पाहिजे. मला त्या किमला विचारायचंय, माझ्या हातानं एका माणसाचं घर गेलं का. परत जायच्या आत विचारायचंय."

किम आजोबांचं इंग्रजी पाच-दहा शब्दांचं, आबांचंही तेवढंच. पण किम आजोबांना न्यायला त्यांची मुलगी ग्रेस यायची. ती इथे वाढलेली, नर्स होती, हसतमुख. मी तिला गाठून सांगितलं, माझ्या आजोबांना तुझ्या वडिलांशी बोलायचंय. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही फूड कोर्टमध्ये जमलो. आबा कोट घालून, बूट चमकवून आले होते. त्यांनी गोल टेबल शोधलं, ते पुसलं, चार खुर्च्या मांडल्या, एक जरा मागे सरकवली, पुन्हा पुढे घेतली. मी म्हणाले, "आबा, कॉफी प्यायचीय, तह नाही करायचाय." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "कॉफीला पण दोन बाजू असतात."

आबा मराठीत बोलायचे, मी ते इंग्रजीत ग्रेसला सांगायचे, ती कोरियनमध्ये वडिलांना. एवढ्या प्रवासात वाक्य जरा निवायचंच. आबांचा आवाज कापायचा आणि मला ते 'ही हेल्ड द टेंट फ्लॅप' असं कोरडं सांगावं लागायचं. पण किम आजोबा माझ्याकडे बघतच नव्हते. ते आबांच्या उजव्या हाताकडे बघत होते. आबांनी शेवटी तो हात टेबलावर उताणा ठेवला आणि प्रश्न विचारला. ग्रेसने तो सांगितला. किम आजोबांनी कप बाजूला सारला. मग हळू बोलायला लागले, मग जोरात, आणि आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. ग्रेस गोरीमोरी झाली. मला म्हणाली, "ही इज अँग्री. आय डोन्ट नो इफ आय शुड…"

आबांना कळलं. "सांग म्हणावं. सगळं सांग. काही गाळू नको."

ग्रेसने सांगितलं, आणि मी ते आबांना सांगितलं, माझ्या आयुष्यात एवढं अवघड मराठी मी कधी बोलले नाही. "ते म्हणताहेत, पन्नास वर्षं तू नुसता स्वतःचा हात बघत बसलास. ते दार एका दिवसाचं होतं. मोठ्या टेबलावर बसलेल्यांनी सांगितलं होतं, ही नुसती लढाई थांबली, खरा तह मागून करू. तो केलाच नाही. केला असता तर तो माणूस पुढच्या वसंतात आपल्या आईकडे गेला असता. कुठल्याही दारातून. गेला असता, भांडला असता, परत आला असता. माणूस चुकीच्या दारातून जातोच कधीतरी. त्याला परत येता आलं पाहिजे. तुम्ही तंबू गुंडाळलात आणि निघून गेलात."

किम आजोबा उठले, टोपी घातली आणि तरातरा निघाले. ग्रेस "आय ॲम सो सॉरी" म्हणत त्यांच्या मागे धावली. मला भयंकर राग आला. एका भल्या म्हाताऱ्याने मन उघडं केलं आणि हा त्याच्यावरच ओरडला. आबा मात्र शांत होते. त्यांनी चारही खुर्च्या टेबलाला नीट लावल्या. "बरोबर बोलला," म्हणाले. "तंबू आम्हीच काढला. गाठी म्या सोडल्या."

त्यानंतर किम आजोबा मॉलमध्ये दिसेनासे झाले. एक शनिवार, दोन, चार. आबा चालता चालता समोर बघायचे, प्रत्येक वळणावर. एकदा म्हणाले, "आपण उलटं फिरून बघू," आणि आम्ही सगळ्या गोऱ्या म्हाताऱ्यांच्या विरुद्ध दिशेने फेऱ्या मारल्या. त्या दिवशीही भेट झाली नाही. मार्चमध्ये टीव्हीवर दुसऱ्याच एका देशात लढाई सुरू झाली, आणि मे महिना लागताना ती संपल्याची घोषणाही झाली. विलासकाकांच्या घरी आम्ही सगळे बघत होतो. आबांनी विचारलं, "टेबल कुठं मांडलंय?" विलासकाका म्हणाले, "आबा, टेबल कसलं? जिंकले हे. संपलं." आबा खुर्ची पडद्याजवळ ओढून बसले. "मग माणसं कुणाची ठरली?" त्यांनी विचारलं. ईशा म्हणाली, "आबा, इट्स ओव्हर, यार!" आणि चॅनेल बदललं.

त्याच आठवड्यात मला किराणा दुकानात ग्रेस भेटली. मी तोंड फिरवणार होते, तिनेच हात धरला. म्हणाली, डॅडनी त्या दिवशी घरी येऊन आम्हाला पहिल्यांदा सांगितलं. लढाई जवळ आली तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. आईला म्हणाले, तीन दिवसांत येतो. मागे कुत्रं लागलं होतं, ते रस्त्यावर येऊ नये म्हणून घराचं फाटक त्यांनी स्वतः ओढून घेतलं. ते तीन दिवस अजून संपलेले नाहीत. आईचं काय झालं ते माहीत नाही, पत्र जात नाही, येत नाही. ग्रेस रडत नव्हती, पण हातातला कोबी तिने दोनदा ठेवला आणि दोनदा उचलला. "ही वॉजन्ट अँग्री ॲट हिम," ती म्हणाली. हा शनिवार आबांचा मॉलमधला शेवटचा, एवढं मी तिला सांगितलं.

मी हे आबांना सांगितलं. परत जायला त्यांना चार दिवस उरले होते. ते बॅगेला दोरी बांधत होते. हात थांबला.

"कुत्र्याचं नाव विचारलंस का?"

"नाही आबा."

"विचारायचं होतंस," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी दोरीची गाठ सैल केली. बॅग पाहिजे तेव्हा उघडता आली पाहिजे, म्हणाले.

आबा गेले त्याला आता बरीच वर्षं होतील. ते गेल्याचं विलासकाकांनी कळवलं तेव्हा मी दूर दुसऱ्या राज्यात, अर्विंगला नोकरीला होते. ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. सातारच्या घरी झोपेतच गेले म्हणे. माझ्यावर त्यांचा एक परिणाम कायमचा राहिला आहे. कुणासाठी दार धरायच्या आधी मी बघून घेते, त्याला याच दारातून जायचंय ना. लोक हसतात. कोरियाचा तो तह अजूनही झालेला नाही. बातम्यांत त्याचं नाव निघालं की मला आबांची आठवण येते, आणि मग नेहमी तो शेवटचा शनिवारच डोळ्यांसमोर येतो.

मे लागला होता तरी गारठा होता, वारा नुसता घोंघावत होता. आबांना मॉलला शेवटची फेरी मारायची होती. आम्ही बसमधून उतरलो तर सरकत्या दारावर कागद चिकटवलेला, दार बंद आहे, बाजूचं वापरा. बाजूचं म्हणजे हाताने उघडायचं जड दार. थंडीच्या गावांत असतात तशी तिथे एकामागे एक दोन दारं होती, मध्ये छोटीशी काचेची खोली. त्या खोलीत किम आजोबा उभे होते. टोपी, चष्मा, तसेच. आम्हाला बघून ते पुढे झाले आणि त्यांनी बाहेरचं दार ढकलून उघडलं. आणि धरून उभे राहिले.

 मला माहीत होतं, आबा दोन पावलं अलीकडे थांबणार. ते थांबलेच. हात वर गेला, पण "प्लीज" काही बाहेर पडलं नाही. वाऱ्याने दार आत दाबलं जात होतं, किम आजोबांनी त्याला पाठ लावली होती. ते दार सोडत नव्हते. डोळ्यांत बघत होते. आबांनी कानटोपी काढली. मान लववली आणि त्यांच्या हाताखालून आत गेले.

आता दुसरं दार. आबा त्याच्यापाशी पोचले, उघडलं, आणि मी सवयीने कपाळ मागे घेतलं. दार आलं नाही. आबा ते धरून उभे होते. पन्नास वर्षांनी तो हात वर गेला होता, आणि ते किम आजोबांकडे बघत होते. किम आजोबा हसले. वाकले आणि आत गेले.

मी मागोमाग आत गेले. पण आबा काही आले नाहीत. माझ्या मागून एक बाई बाबागाडी ढकलत आली, तिने "थँक यू सो मच" म्हटलं. तिच्यामागून काठी टेकत दोन म्हातारे. त्याच वेळी आतून फेऱ्या संपवून माणसं बाहेर पडायला लागली, तीही त्याच दाराने. आबा भिंतीला पाठ लावून, दार उघडं धरून, ताठ उभे. प्रत्येकाला मान लववत होते. किम आजोबा कारंज्यापाशी त्यांची वाट बघत थांबले होते.

"आबा, चला ना. किती वेळ धरणार?"

"जरा थांब," ते म्हणाले. "दोन्हीकडनं येतायत."